अकरा चढांचं स्तोत्र

गाणं गळ्यात असतं असं लोक म्हणतात. ओमेर कालोनचं गाणं गुडघ्यांत होतं. ही गोष्ट त्यानं फक्त दोघांना सांगितली होती. एक त्याची बायको सोलांज आणि दुसरा त्याचा सायकलवरचा जुना सोबती फिर्मां. आता फिर्मां म्हणजे आयुष्यभर गावोगाव पत्रं वाटत हिंडलेला माणूस, त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. तेव्हा आठवड्याभरात सगळ्या ब्रेवाल गावाला कळलं, की यंदा मेणबत्तीचं स्तोत्र जो म्हणणार आहे, त्याला ते खुर्चीत बसून येत नाही. सायकलवर बसला की येतं.

स्तोत्र काही साधंसुधं नव्हे. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, चर्चमधले सगळे दिवे मालवतात. मग दारातून एकच उंच मेणबत्ती आत येते, आणि त्या एका ज्योतीपुढे उभं राहून एकट्या माणसानं अकरा कडवी म्हणायची. रात्रीचं कडवं, पाण्याचं, मेण करणाऱ्या मधमाश्यांचं, गेलेल्यांचं, आणि शेवटी मरणातून परत उठलेल्याचं. त्या खोऱ्यातल्या पाच गावांबाहेर हे स्तोत्र कुणाला ठाऊक नाही. कागदावर तर ते नाहीच. मेणबत्तीला वाचून दाखवायचं नसतं, सांगायचं असतं, असा तिथला रिवाज.

एकेचाळीस वर्षं ते बेर्तिलबाईंनी म्हटलं. बाई शेजारच्या फ्लेरकूरच्या शाळेत शिकवायच्या. ओमेर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सत्तरीला टेकला तरी त्यांच्यासमोर उभा राहिला की नखं स्वच्छ आहेत ना, हे आधी बघायचा. गेल्या हिवाळ्यात बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, वाळल्या पानांतून उंदीर गेल्यासारखी. पण त्या कुजबुजीतही हुकमाची धार होती.

"यंदा तू म्हणायचंस."

"मी? बाई, माझा आवाज म्हणजे दुधाचा टँकर." पस्तीस वर्षं त्यानं डेअरीचा टँकरच चालवला होता.

"टँकर रिकामा असला की खडखडतो," बाई म्हणाल्या. "भरून घे."

सबंध जानेवारी बाईंनी त्याला एकेक कडवं कुजबुजून दिलं. चाल कानात होतीच, जन्मभर ऐकलेली. पण घरी येऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, की दुसऱ्याच्या शेपटीला पाचवं लागायचं आणि तिसरं कुठं गेलं ते देवाला ठाऊक. सोलांज बटाटे सोलता सोलता म्हणायची, "अहो, आता या बटाट्यांना पाठ झालं असेल. त्यांनाच न्या चर्चमध्ये."

मग फेब्रुवारीतल्या एका कोरड्या सकाळी तो वैतागून सायकल घेऊन बाहेर पडला. तीच त्याची जुनी निळी सायकल, तोच नेहमीचा चौतीस किलोमीटरचा फेरा. गिरणीच्या चढाला लागला, आणि दम लागू नये म्हणून सहज पहिलं कडवं गुणगुणू लागला. कडवं संपलं तिथं चढ संपला. पुढं उतार. उतारावर ध्रुपद आपोआप घरंगळलं. मग पाण्याच्या टाकीचा लांबट चढ, आणि दुसरं कडवं लांबटच. ओमेर मनाशी मोजू लागला. फेऱ्यात चढ किती? अकरा.

आर्त्वाचा हा मुलूख सपाट नाही आणि डोंगराळही नाही. गाढ झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी, तशी जमीन वर जाते, खाली येते. त्या श्वासावर ओमेरनं स्तोत्र बसवलं. तिसरं कडवं क्रूसाच्या चढाचं. चौथं रात्रीचं. त्याचा चढ तर डोळ्यांना दिसतच नाही. रस्ता सपाट वाटतो आणि पाय मात्र जड होतात. अकरावं, परत उठलेल्याचं, ते ब्रेवालच्या दफनभूमीवरून चर्चच्या दाराशी नेणाऱ्या चढाचं. दोन महिने रोज तो असा गात फिरला. शेतकरी ट्रॅक्टर थांबवून हात करायचे. गहू हिरवा झाला, बीटाची पेरणी झाली, मोहरी पिवळ्या फुलांवर आली.

पण सायकलवरून उतरला, की सगळं सांडायचं.

"मग सायकलच ने ना वेदीपुढं," फिर्मां म्हणायचा. "मी मागून धरतो. चाकाखाली वीट लावू."

"तू हसू नकोस."

"हसत नाही रे. वीट कुठली लावायची त्याचा विचार करतोय."

फादर लुबां मात्र हसले नाहीत. पाच गावांची चर्चं एकटे सांभाळणारे, नेहमी धापा टाकणारे फादर, त्यांनी ओमेरच्या खांद्यावर हात ठेवला. "नाहीच जमलं तर मी पुस्तकातली प्रार्थना वाचीन. देव काही रागावणार नाही. पण एक सांगतो, ओमेर. एक वर्ष चुकलं, की पुढच्या वर्षी कुणी मागत नाही. बाईंच्या नंतर ते तुझ्याकडेच आहे."

ते वाक्य ओमेरच्या छातीवर बसलं ते उठेना.

असा तो शनिवार उजाडला. सकाळी दहाला ओमेरनं सायकलच्या चाकात हवा भरली. एक शेवटचा फेरा, अकराही कडवी एका दमात, मग संध्याकाळी डोळे मिटून मनातल्या मनात तोच फेरा मारायचा, असा त्याचा बेत. आतून भाजलेल्या साखरेचा वास येत होता. सोलांज उद्यासाठी पावाची कणीक मळत होती, कोपरापर्यंत पिठात.

"धुकं आहे हो बाहेर," ती आतून म्हणाली.

"घंटा आहे की!" म्हणत तो निघालासुद्धा.

ब्रेवालची माणसं धुक्यात घंटेवर चालतात. दर पाव तासाला टोला पडतो. जाताना तो पाठीवर घ्यायचा, येताना छातीवर. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं, त्यामुळं त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि ओमेरनं तो केला नाही. सोलांजनं पिठातून हात काढला आणि ती दारात येऊन ओरडली, "अहो, आज घंटा कुठली?" तोवर निळी सायकल पांढऱ्यात विरघळून गेली होती.

गिरणीचा चढ दिसला नाही, पण पायांना कळला. पहिलं कडवं. धुक्यातून गिरणीचं मोडकं पातं वर आलं आणि मागं गेलं. उतार, ध्रुपद. कुठंतरी उंच, धुक्याच्याही वर, चंडोल गात होता, म्हणजे तिथं ऊन असणार. टाकीचा चढ, दुसरं कडवं. टाकी नव्हतीच, नुसता तिच्याखालचा गारवा होता. ओमेरला वाटलं, आपण हलतच नाही, आपल्याखालून कुणीतरी जमीन हलकेच ओढून घेतंय, मूल झोपलं की त्याच्या अंगाखालून चादर काढतात तशी. तिसरं कडवं. चौथं. रात्रीचं कडवं म्हणताना एक ससा रस्त्यात बसून राहिला आणि चाक अगदी जवळ आल्यावर नुसता पुसला गेला.

मग तीन लिंडेनच्या झाडांचा तिठा आला. इथून पाचव्या चढाला जायचं. पण धुकं असं दाटलेलं, की तीन झाडांतलं एकच दिसत होतं, आणि ते तिन्हींतलं कुठलं हे काही सांगत नव्हतं. ओमेर पाय टेकून उभा राहिला. अकरा वाजायला आले असतील. टोला पडू दे, मग ठरवू.

तो थांबला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. त्याच्या मिशांवर दव जमलं. टोला पडला नाही. 'घड्याळ मागं पडलंय,' तो मनात म्हणाला. आणखी थांबला. आणि मग एकाएकी त्याला आपलेच हात दिसले, गुरुवारी संध्याकाळचे. घड्याळाचा हातोडा अडकवून ठेवणारे, घंटेचा दोर वर ओढून खांबाला गाठ मारणारे. गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत घंटा वाजत नाहीत. त्या रोमला गेल्यात, असं लहान मुलांना सांगतात. पाच वर्षांचं पोर ते विसरणार नाही. आणि दोर बांधणारा ओमेर त्याच घंटेच्या भरवशावर धुक्यात शिरला होता.

तो एकटाच मोठ्यानं हसला. धुक्यानं हसू परत दिलं नाही.

अंदाजानं त्यानं डावीकडचा रस्ता धरला. थोड्या वेळानं चढ लागला, आणि त्यानं पाचवं कडवं उचललं. पण हा चढ त्याचा नव्हता. अर्ध्यातच रस्ता वळला, चढ तुटला, पुन्हा सुरू झाला. शब्द घशात अडखळले. उतारावर ध्रुपद आलंच नाही. पुढचा चढ तर त्याहून परका. सहावं? सातवं? काही नाही. धुक्यात मेंढरं पांगावीत तशी कडवी पांगली, आणि हाक मारायला नावं आठवेनात.

उजवीकडं पांढऱ्या दगडांच्या रांगा उगवल्या. जुन्या लढाईतल्या सैनिकांची दफनभूमी. ती त्याच्या फेऱ्यात नव्हती. म्हणजे तो पार चुकला होता. ओमेरनं टोपी काढली. सगळे दगड सारखे, एका उंचीचे, शाळेत रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखे. 'बाबांनो,' तो म्हणाला, 'तुमचंही एक कडवं आहे हो. आज सकाळपर्यंत येत होतं मला.'

तेव्हा त्याला आवाज आला.

कर्र, कर्र, कर्र. घंटेचा नव्हे. लाकडाचा. लाकडी करकऱ्याचा. घंटा रोमला गेल्या, की बाराच्या प्रार्थनेची हाक हा करकरा देतो. पूर्वी पोरं तो घेऊन गल्लीगल्लीतून पळायची. आता पोरं नाहीत. तरी कुणीतरी देत होतं. ओमेर त्या आवाजाकडं तोंड करून निघाला, आवाज छातीवर घेऊन.

फ्लेरकूरच्या विटांच्या चर्चपुढं, शाल गुंडाळून, बेर्तिलबाई करकरा फिरवत उभ्या होत्या. धुक्यातून निळी सायकल आली तशी त्यांनी हात थांबवला.

"कुठं निघालास?" त्या कुजबुजल्या. "रोमला? घंटा आणायला?"

ओमेरनं मान खाली घातली. "घंटा वाजेल म्हणून थांबलो होतो, बाई."

"दोर कुणी बांधला?"

"मीच."

बाईंच्या खांद्यांना हसू फुटलं. आवाज नसलेलं हसू फार वेळ टिकतं. मग त्या म्हणाल्या, "आत ये. ओला झालायस."

चिकोरीची गरम कॉफी ओंजळीत धरून ओमेरनं सगळं ओकून टाकलं. स्तोत्र गळ्यात नाही. चढांत आहे. गिरणी, टाकी, क्रूस. चढ हरवले तसं स्तोत्र हरवलं. "संध्याकाळी मला नाही जमायचं, बाई. फादरना सांगून टाकतो."

बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं.

"मी कुठं शिकले, ठाऊक आहे?"

"वडिलांकडून?"

"आजीकडून. बीटाच्या शेतात. कोवळ्या बीटाची दाटी झाली की विरळणी करायची, एक ठेवायचं, चार उपटायची. हातात आखूड दांड्याचं खुरपं, कमरेत वाकून. एक ओळ, एक कडवं. ओळ संपली की कंबर सरळ करायची, तेच ध्रुपद. प्रत्येक कडव्याच्या मध्यावर चालीला एक हिसका बसतो ना, तो का? तिथं खुरपं वळायचं."

ओमेरनं कॉफी खाली ठेवली.

"एकेचाळीस वर्षं माझे हात कुठं असायचे?"

त्यानं आठवलं. "शालीखाली. आम्हाला वाटायचं, थंडी वाजते."

"थंडी!" बाई कुजबुजल्या. "शालीखाली मी बीट विरळत होते, गाढवा."

कॉफी निवली.

"गळ्यात कुणाच्याच नसतं रे ते. गळा काय, कापून टाकला डॉक्टरनं. कष्टात असतं. आजीचं कमरेत होतं, माझं हातात, तुझं गुडघ्यात. पण मी शेत सोडून शाळेत गेले तेव्हा शेत मागं राहिलं, खुरपं बरोबर आलं. तू मात्र शेतच उचलून आणायला बघतोस." त्यांनी करकरा उचलला. "किती कडवी राहिली?"

"सात."

"फ्लेरकूरहून ब्रेवालला जा. हा रस्ता तुझ्या पायांच्या ओळखीचा नाही. ज्या चढावर जे येईल ते म्हण. नाही आलं तर नुसता चढ चढ. बाकी सगळं ज्याचं आहे तो बघेल."

"आणि रस्ता?"

"सरळ. तेवढं तरी जमेल."

ती निघाली तेव्हा, म्हणजे सायकल, कारण ओमेरला वाटलं आपण नाही तीच निघाली, बाई फाटकात उभं राहून करकरा फिरवू लागल्या. कर्र, कर्र. त्या तालावर त्याचे पाय पडू लागले. पाठीवर घेतलेला तो आवाज बारीक होत गेला आणि कुठं संपला ते कळलं नाही. पायांनी तो पुढं चालूच ठेवला होता.

पहिला चढ आला, आखूड आणि उभा. पाचवं कडवं त्यात मावेना. चढ संपला तरी अर्धं उरलं. ओमेरनं ते माथ्यावर म्हटलं, सपाटीवर म्हटलं, उताराला लागल्यावरही म्हणत राहिला, आणि ते तुटलं नाही. वस्त्र नव्या अंगाला बसावं तसं थोडं ओढून, थोडं सोडून बसलं. पुढचा चढ लांबच लांब. तिथं सहाव्याच्या जागी सातवं, गेलेल्यांचं, आपणहून पुढं आलं. बहुतेक त्या पांढऱ्या दगडांमागून चालत आलं असावं. त्यानं अडवलं नाही. सहावं, पाण्याचं, नंतर ओढ्याच्या पुलावर भेटलं.

धुकं आता वरून उसवू लागलं होतं. कुठं पोपलरचा शेंडा, कुठं पिवळ्या मोहरीचा तुकडा हवेत तरंगताना दिसे, त्याला जमीन नव्हती. आठवं कडवं त्याला आपण म्हणतोय की चंडोल, हे नीटसं कळलं नाही.

आणि नवव्याला गायी आडव्या आल्या.

हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गायी कुरणात निघाल्या होत्या, पन्नाससाठ, एकेक पाऊल जपून टाकत, रस्ता भरून. ओमेरनं पाय टेकला. ना चढ, ना उतार, ना वेग. सायकल मांडीला टेकून गप्प उभी. आणि नववं कडवं, मधमाश्यांचं, ओठांवर येऊन थांबलं होतं. त्याचे गुडघे गप्प होते. त्यानं डोळे मिटले. टाचा बुटात हलकेच उचलल्या, टेकल्या. उचलल्या, टेकल्या. आणि तो गाऊ लागला. हळू, मग मोकळ्या आवाजात. एका तपकिरी गायीनं थांबून त्याच्याकडं पाहिलं. उभ्यानं, न हलता, पहिल्यांदाच, मधमाश्यांचं कडवं पुरं झालं.

गायींमागून आलेल्या शेतकऱ्यानं टोपी मागं सारली. "काय हो ओमेर, यानं दूध वाढणार आहे का?"

"माहीत नाही," ओमेर म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "पण नासणार नाही एवढं खरं."

संध्याकाळी चर्च भरलं. पाच गावांतून माणसं आली होती. फिर्मांनं आपल्या मोटारीतून बाईंना आणलं होतं, आणि येता येता त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, "वीट आणलीय, डिकीत आहे. ओमेर हो म्हणाला तर दोन मिनिटांत लावतो." दिवे मालवले. काळोखात खोकले थांबले. दार उघडलं आणि ती एक ज्योत आत आली, डुलत, जिवाला जपत.

ओमेर तिच्यापुढं उभा राहिला. पहिली चार कडवी जुन्या चढांवरची, ती सरळ गेली. पाचव्याच्या तोंडाशी तो थांबला. गिरणी नाही, टाकी नाही, फ्लेरकूरचा उभा चढ नाही. समोर नुसती ज्योत. मागं सोलांजनं श्वास रोखला, आणि फादर लुबांचा हात अगदी हलकेच पुस्तकाकडं गेला.

ओमेरनं मान वळवली. पहिल्या बाकावर बेर्तिलबाईंनी शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली होती. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा स्तोत्राच्या वेळी त्यांचे हात लोकांना दिसत होते. म्हातारे, गाठाळ हात, मेणबत्तीच्या उजेडात हवेत काहीतरी विरळत होते. एक ठेवत होते, चार उपटत होते. त्या हातांनी ओळ धरली होती.

ओमेरच्या टाचा बुटात हलल्या.

मग तो थांबला नाही. कडवं लांबलं की त्यानं श्वास लांबवला, आखडलं की गिळला. सगळ्या गावाला त्या अंधारात जमीन वरखाली होताना जाणवली, असं नंतर बरेच जण म्हणाले. फिर्मां म्हणाला, त्याच्या पोटऱ्या दुखल्या. अकरावं कडवं, परत उठलेल्याचं, दफनभूमीच्या चढानं वर आलं आणि दाराशी पोचलं. दिवे लागले. फादरनी घंटेसाठी हात उंचावला.

घंटा वाजेना. सगळे माना वर करून बसले. दोर सोडायला मनोऱ्यात चढलेल्या फिर्मांचा आवाज जिन्यातून आला, "अरे ओमेर, गाठ मारलीस की बैल बांधलास?" चर्चभर हसू पसरलं, आणि त्या हसण्यातच दोर सुटला. एक टोला, मग दुसरा, मग सगळं खोरं भरून. घंटा रोमहून परत आल्या होत्या.

बाहेर पायरीवर ओमेर बाईंपुढं उभा राहिला. नखं बघितली. बाईंनी त्याचा कोट ओढून त्याला खाली वाकवलं, कारण घंटेच्या नादात कुजबुज ऐकू येत नव्हती.

"सहावं आणि सातवं उलटं झालं."

"धुकं होतं, बाई."

बाईंनी शाल पुन्हा अंगावर घेतली. "पुढच्या वर्षी नीट कर," त्या म्हणाल्या.